काळी चारची पट्टी

१

माझ्या पणतीचं, सिंचनाचं, बारसं झालं ते साल दोन हजार बावीस. त्या बारशाला आमच्या विठ्ठल मंदिराची सगळी भजनी मंडळी घरी आली होती आणि माझ्यासारखंच शिंपीकाम केलेल्या, मंडळात मुख्य गाणाऱ्या पांडुरंगरावांनी कापऱ्या हातानं दोरी ओढत पाळणा म्हटला होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी, कार्तिकाच्या सप्ताहाला आठ दिवस उरले असताना, मंदिरातल्या पेटीवरची चांदीची पट्टी नाहीशी झाली.

पेटी म्हणजे हार्मोनियम. पांडुरंगरावांच्या वडिलांनी ती मंदिराला दिली, तेव्हा पुढच्या फळीवर बोटभर रुंदीची चांदीची पट्टी बसवून घेतली. तिच्यावर बालबोध अक्षरांत दोन ओळी कोरलेल्या. आम्ही म्हैसूरचे शिंपी पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलतो, पण लिहितो-वाचतो ते कन्नड. मी तर चौसष्टाव्या वर्षापर्यंत तेही वाचत नव्हतो. टेपवरचे आकडे तेवढे यायचे. त्यामुळे त्या दोन ओळी म्हणजे देणाऱ्याचं नाव, असंच बहुतेक सगळे धरून चालले होते.

गुरुवारी सकाळी मी गवसणी धुवायला न्यावी म्हणून मंदिरात गेलो. ती गवसणी मीच शिवलेली, पाच बटणांची. पाहतो तर बटणं एका काजानं सरकून लागलेली. शिंप्याच्या डोळ्याला असलं लगेच टोचतं. गवसणी काढली. जिथं पट्टी असायची तिथं फिकट लाकूड, आणि दोन टोकांना दोन बारीक स्क्रू. स्क्रू आपापल्या भोकांत नीट पिळून बसवलेले.

मी हाक मारली तसा मंडळाचा सेक्रेटरी रक्षित धावत आला. त्यानं पेटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला.

"अण्णा, कळ्ळ कोण ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. कळ्ळ म्हणजे चोर. "त्याचा आवाज आहे माझ्याकडं."

२

आवाज त्र्यंबकचा होता.

त्र्यंबक चाळीस वर्षं ती पेटी वाजवत होता. बारा वर्षांचा असताना पांडुरंगरावांनी त्याला मांडीशी घेऊन शिकवलं. बुधवारी दुपारी त्यानं एक आवाजी निरोप एकाला पाठवायचा तो चुकून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. लगेच पुसलाही. पण रक्षितला मराठी जेमतेम. त्यानं तो "हे काय म्हणतोय बघ" म्हणून आधीच बायकोला पुढं पाठवलेला. म्हणून तो उरला.

पेटी दुरुस्त करणाऱ्या बिंदुमाधवरावांना धाडलेला तो निरोप असा होता: "बिंदुमाधवराव, पट्टी उतरली. कुणाला पत्ता नाही. म्हाताऱ्याला तर नाहीच नाही. तुम्ही तेवढं तोंड उघडू नका."

"मला आधी वाटलं, पट्टी म्हणजे लिस्ट," रक्षित म्हणाला. कन्नडमध्ये पट्टी म्हणजे यादी. "वर्गणीवाल्यांची लिस्ट भिंतीवरनं उतरवली असेल. आज कळलं."

संध्याकाळी त्र्यंबकला बोलावलं. मंडळींसमोर निरोप वाजवला. तो ऐकताना त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"आवाज माझाच," तो म्हणाला.

"मत्ते? मग पट्टी कुठं आहे?" रक्षितनं विचारलं.

"मी घेतली नाही."

"मग उतरली म्हणजे काय?"

मी म्हटलं, "त्र्यंबक, अरे बोल की. मी तुला लहानाचा मोठा होताना पाहिलंय."

"अण्णा, तुम्ही पण विचारू नका."

मंडळानं ठरवलं, रविवारच्या भजनापर्यंत पट्टी आणून दिली तर ठीक. नाहीतर त्र्यंबकनं पेटीवरून उठायचं आणि पुन्हा मंदिराची पायरी चढायची नाही. त्याला घर, दुकान, सगळं आहे. पण त्या पेटीशिवाय त्र्यंबक काय करील, हे मला डोळ्यांसमोर आणवेना. आणि तो गप्प का, हेही कळेना.

पांडुरंगरावांना मात्र कुणी काही सांगायचं नाही, असं त्यांच्या सूनबाईंनी, कमलाक्षीनं, बजावलं. ते बुधवारपासून तापानं पडून होते. वय चौऱ्याऐंशी. बापाची निशाणी गेली हे त्या तापात कानावर कशाला घालायचं?

मी घरी आलो आणि सरळ माडी चढलो. माडीवर कांचनताई राहायची.

३

कांचनताई साताऱ्याची. इथं कान तपासण्याचं काम करते. भाडेकरू म्हणून आली आणि माझी मास्तरीण झाली. मी तिचे कपडे शिवायचे आणि तिनं मला अक्षरं शिकवायची, बालबोध आणि तिनं इथं येऊन शिकलेली कन्नडही, असा आमचा व्यवहार. माझ्या कानातलं यंत्रही तिनंच बसवलं. चौसष्ट वर्षं दुकानांच्या पाट्या मला नुसत्या रंगवलेल्या फळ्या होत्या. त्या ज्या बाईनं बोलक्या केल्या, तिचं नाव घेताना आजही माझा हात छातीशी जातो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. निरोपाचे शब्द दोनदा म्हणायला लावले. मग विचारलं, "काका, पट्टी म्हटल्यावर तुम्हाला काय दिसतं?"

"बटणपट्टी. काजपट्टी. गळ्याची पट्टी."

"तुम्ही शिंपी, तुम्हाला कापड दिसणार. मी लहानपणी गाण्याच्या क्लासला जायचे. मला वेगळंच ऐकू आलं. चला, पेटी दाखवा."

मंदिराची किल्ली कमलाक्षीकडे असते, घर लागूनच. ती दार उघडता उघडता फणकारली, "किल्ली माझ्याकडं म्हणून माझ्यावर पण संशय घ्या की. सुम्मने, उगीच कशाला सोडता?"

"घेतलाय," कांचनताई हसून म्हणाली. "म्हणूनच विचारते. पट्टी शेवटची कधी पाहिली?"

"सोमवारी. बिंदुमाधवरावांनी पेटी दुरुस्त करून आणून दिली, तेव्हा. चांदी पुसून लखलख केली होती. मंगळवारी संध्याकाळी भजन झालं तेव्हा पण होती."

"भजनानंतर?"

"प्रसाद घेऊन सगळे गेले. मामंजी म्हणाले, मला जरा बसू दे. मी अर्ध्या तासानं येऊन हात धरून घरी नेलं. पेटीला गवसणी घातलेली होती. बुधवारी इथं कोण आलंच नाही, मामंजींना ताप, म्हणून मी दार उघडलंच नाही."

"आणि स्क्रू?" मी मध्येच म्हटलं. "चोर स्क्रू परत पिळून ठेवतो होय?"

कांचनताईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला पहिला धडा न चुकता वाचला तो दिवस आठवला. "काका, त्या पट्टीवर काय लिहिलं होतं? तुम्ही वाचलं असणार."

वाचलं होतं. अक्षरं आल्यावर मंदिरात मी पहिल्यांदा तेच वाचलं. वर होतं, 'श्रीविठ्ठलचरणी'. खाली होतं, 'पट्टी काळी चार. ढळू नये.'

गाण्यात पट्टी म्हणजे सुराची उंची, आणि काळी चार म्हणजे पेटीवरचा चौथा काळा सूर. भजन उंच पट्टीत गावं, खाली उतरू नये, अशी त्या बापाची आज्ञा होती.

कांचनताईनं भाता हलवला, मधल्या सप्तकात चौथी काळी दाबली आणि फोन पेटीजवळ धरला. पडद्यावर आकडा थरथरत उभा राहिला. तीनशे सत्तर.

"किती यायला हवा?" मी विचारलं.

"चारशे पंधरा," ती म्हणाली. "काका, ही काळी चार नाही. काळी चारच्या कपड्यात काळी तीन उभी आहे."

४

बिंदुमाधवरावांचं पेटी दुरुस्तीचं दुकान नजरबाद भागात. आम्ही गेलो तेव्हा ते भात्याला कागद चिकटवत होते.

"मी काय बोलणार नाही," आम्ही तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले. "शब्द दिलाय."

"बोलू नका," कांचनताई म्हणाली. "मी सांगते, तुम्ही नुसते कागद चिकटवा. तुम्ही पेटीतले जुने रीड काढले आणि दोन सूर खालचे बसवले. काळी चार दाबली की आता काळी तीन वाजते. पुढची काळी, मागची पांढरी, सगळंच तसं. बघणाऱ्याला काही फरक नाही. निरोपात उतरली म्हटलंय ती ही पट्टी."

बिंदुमाधवरावांचा ब्रश थांबला.

"जुने रीड जपून ठेवलेत," ते हळूच म्हणाले. "फेकले नाहीत. तेवढं लक्षात असू द्या."

तिथून आम्ही त्र्यंबकच्या घरी गेलो. दुकान बंद होतं. तो आत अंधारात बसला होता. कांचनताईनं आकडा सांगितल्यावर त्यानं तोंड हातांत धरलं.

"अण्णा, दसऱ्याच्या भजनात त्यांचा आवाज तीनदा फाटला, तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"बाहेर आल्यावर मला म्हणाले, त्र्यंबक, सप्ताहाला मी गाणार नाही. मी म्हटलं, पट्टी खाली घेऊ. म्हणाले, माझ्या वडलांच्या पेटीवर पट्टी खाली? त्यापेक्षा गप्प बसेन. साठ वर्षं गायलेला माणूस गप्प बसला तर किती दिवस जगेल? म्हणून मी हे केलं. बोट काळी चारवरच ठेवायचं. त्यांना वाटेल आवाज परत आला. कान तर गेलेतच. टाळ ऐकू येत नाहीत, फोनची घंटा ऐकू येत नाही. त्यांना काय कळणार?"

"आणि मंगळवारी?"

त्याचे डोळे भरून आले. "काय गायले, अण्णा! वीस वर्षांपूर्वीसारखे."

मला आता त्याचं मौन कळलं. तोंड उघडलं असतं तर तो सुटला असता, पण पांडुरंगरावांना कळलं असतं की त्यांचा परत आलेला आवाज खोटा आहे. त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं त्याला बरं वाटलं होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ज्याला आम्ही पायरी चढू नको म्हणालो, तो हा!

"पण त्र्यंबक," मी म्हटलं, "चांदीची पट्टी?"

"विठ्ठलाशपथ, माहीत नाही."

बाहेर आल्यावर मी कांचनताईला म्हटलं, "एक कोडं सुटलं, पण चोर हाती लागला नाही. होतो तिथंच आहोत."

"नाही काका," ती म्हणाली. "त्र्यंबककाकांनी एक चूक केली. कानांविषयी. त्या चुकीतच चोर बसलाय."

५

ती मला माझ्याच मशीनजवळ घेऊन बसली. कापडाचा एक तुकडा घेतला, टाक्याचा खटका मोठ्यावर ठेवून एक ओळ मारली, बारीकवर ठेवून दुसरी.

"एका इंचात मोठे टाके किती, बारीक किती?"

"सहा. आणि वीस."

"आवाजाचंही असंच. हवा पुढंमागं हलते, तो एक टाका. इंचाऐवजी एक सेकंद धरा. काळी तीन म्हणजे सेकंदाला तीनशे सत्तर टाके. काळी चार म्हणजे चारशे पंधरा. टाळांची किणकिण हजारांत जाते, तीन, पाच, आठ हजार. सेकंदात टाके जितके जास्त, तितका आवाज उंच."

"मग रेडिओ?"

"ती हवेची लहर नाही, विजेची आणि चुंबकाची. पण मोजायची रीत तीच. एफएमचे सेकंदाला दहा कोटी टाके. तुमच्या कानातलं यंत्र फोनशी बोलतं ते दोनशे चाळीस कोटींनी. तुमच्या गुडघ्याचा फोटो काढला त्या किरणांचे टाके तर इतके बारीक, की मोजायला आपले आकडे अपुरे पडतील. मांसातून आरपार जातात, हाडावर अडतात."

साठ वर्षं मी टाके मारले. सगळं जग टाक्यांनी शिवलेलं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिनं एक कागद काढला. "पांडुरंगरावांचे कान मी कधी तपासले नाहीत, आणि त्यांचा आलेख असता तरी तुम्हाला दाखवला नसता. हा तुमचा. पण म्हातारपणाचे कान बहुतेक याच वळणानं जातात."

कागदावर एक रेघ होती. डावीकडे जवळजवळ सपाट, मध्यापासून उजवीकडे घसरत खाली.

"डावीकडे मोठे टाके, उजवीकडे बारीक. वय झालं की कान उजवीकडून उसवतो. टाळ जातात, पाखरं जातात, बोलण्यातले 'स' आणि 'फ' जातात. म्हणून लोकांना वाटतं, म्हातारा बहिरा झाला. पण डावी बाजू बघा."

मी बोट ठेवून पाहिलं. पाचशेच्या अलीकडे रेघ चांगली उंच होती.

"तीनशे सत्तर आणि चारशे पंधरा," ती म्हणाली, "दोन्ही इथं येतात."

माझं बोट तिथंच राहिलं. त्र्यंबकनं टाळांवरून पेटीचं मोजमाप घेतलं होतं. टाळ ऐकू येत नाहीत, म्हणून पेटीही कळणार नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

"म्हणजे पांडुरंगरावांना पहिल्याच सुराला..."

"साठ वर्षं एकाच पट्टीत गायलेला माणूस, काका. आता सांगा. मंगळवारी भजनानंतर पेटीपाशी एकटं कोण बसलं होतं? ज्याच्या हाताला कंप आहे, ज्याची बटणं चुकतात, असं कोण? शिंप्याच्या खिशातला बारीक पेचकस कुणाकडं असतो? आणि पेटीवर इतकं प्रेम कुणाचं, की पट्टी काढून घेतानाही स्क्रू जागच्या जागी पिळून ठेवावेत?"

मी उठलो. रविवारला एक दिवस राहिला होता.

६

पांडुरंगराव उशाला लोड घेऊन बसले होते. ताप उतरला होता. कमलाक्षी दारात आडवी उभी. "अण्णा, तुम्ही त्यांना काही सांगणार नसाल तरच आत या."

"सांगणार नाही, विचारणार," कांचनताई म्हणाली. ती त्यांच्यासमोर बसली आणि जाड, खालच्या आवाजात, सावकाश बोलली. ओरडली नाही. "आजोबा, पट्टी बरी आहे ना?"

त्यांना ते पहिल्या झटक्यात ऐकू आलं. कमलाक्षी बघतच राहिली. ती रोज त्यांच्याशी उंच आवाजात ओरडायची आणि ते 'हां, हां' म्हणायचे.

"ही पोरगी कोण, अंबाजी?"

"मला अक्षरं शिकवणारी."

"मग हिला खोटं सांगता येणार नाही." त्यांनी लोडाखाली हात घालून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली पट्टी काढली. चांदी लखलखत होती. "पहिल्याच सुराला कळलं मला. काळी चारवर बोट, आणि सूर काळी तीन. मला वाटलं, त्र्यंबकला थांबवावं. त्याच्याकडं पाहिलं, तर तो माझ्या तोंडाकडं असा बघत होता, जसा लहानपणी पहिली ओवी वाजवून बघायचा. बरोबर आली का, म्हणून. मग मी गायलो. गळा उघडला, अंबाजी. वर्षानं उघडला. कसा थांबवू?"

"मग पट्टी का काढलीत?"

"वडील लिहून गेले, ढळू नये. मी ढळलो होतो आणि मला ते गोड लागलं होतं. त्या अक्षरांखाली बसून रोज गायचं म्हणजे रोज खोटं बोलणं. आणि बोललो, तर त्र्यंबकचा जीव तुटणार. म्हटलं, पट्टीच नको तिथं. कुणाला विचारायचं सुचलं तर सांगेन, पुसायला नेलीय. पण कुणी विचारलंच नाही."

कुणी विचारलं नाही, कारण आम्ही त्यांना जपत होतो. त्र्यंबक त्यांना जपत होता, ते त्र्यंबकला. मग मी कमलाक्षीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मी सांगितलं: मंडळानं त्र्यंबकला चोर ठरवलंय.

म्हाताऱ्यानं पाय खाली सोडले. "माझी टोपी दे, कमलाक्षी."

"अय्यो मामंजी, ताप..."

"टोपी!"

त्यांना रविवारपर्यंत थोपवताना आमच्या तिघांची पुरेवाट झाली.

रविवारी मंडळी जमली. त्र्यंबक दाराबाहेर, पायरीखाली उभा. पांडुरंगराव माझा हात धरून आले, त्याच्यापाशी थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "गाढवा, गाणं शिकवलं मी तुला, आणि फसवायला निघालास मलाच? चल, बस पेटीवर."

आत जाऊन त्यांनी पट्टी सगळ्यांना दाखवली. "ही मी काढली. चोर मी. याला जो काही बोलला असेल, त्यानं आता इथं याच्या पाया पडावं."

रक्षित सगळ्यांच्या आधी वाकला. "त्र्यंबकअण्णा, तप्पायतु. चुकलो," तो म्हणाला. त्र्यंबकनं त्याला मध्येच धरलं. मग त्यानं पांडुरंगरावांना विचारलं, "जुने रीड आहेत बिंदुमाधवरावांकडे. उद्या परत बसवून घेऊ?"

पांडुरंगरावांनी चांदीची पट्टी पेटीवर तिच्या जुन्या जागी टेकवून धरली.

"वडलांचा गळा काळी चारचा होता, म्हणून त्यांनी तसं लिहिलं," ते म्हणाले. "ढळू नये ते भजन. सूर माणसाच्या वयानं बदलणार. हे मला या वयात तुझ्यामुळं कळलं, त्र्यंबक. राहू दे पेटी तशीच. फक्त आता मला ठाऊक आहे आणि तुला ठाऊक आहे. लपवायचं काही नाही. दे सूर."

त्र्यंबकनं सूर दिला. पांडुरंगरावांनी कानामागं हात न लावता तो घेतला आणि डोळे मिटून गायला सुरुवात केली.

त्या सप्ताहाचे सातही दिवस ते गायले. कमलाक्षी घरात खालच्या आवाजात बोलायला शिकली आणि दोघांत गप्पा सुरू झाल्या, त्या आधी कधीच नव्हत्या. मंडळानं कांचनताईला बोलावून सगळ्या म्हाताऱ्यांचे कान तपासून घेतले. मी त्या दिवसांसाठी कुणाकुणाचे आभार मानू? अक्षरं देणाऱ्या बाईचे मानले. चोर म्हणवून घेऊन गप्प राहिलेल्या त्र्यंबकचे मानले. आणि आपला सूर उतरला हे सगळ्यांसमोर सांगून पुन्हा गायला बसलेल्या पांडुरंगरावांचे मानले, त्यांचे पाय धरून.

ते त्यानंतर चौदा महिने दर एकादशीला गायले. एकोणीस जानेवारी दोन हजार चोवीस रोजी, शुक्रवारी सकाळी, पांडुरंगराव आपल्या घरी वारले. वय पंचाऐंशी होतं.